चौथा घाव उशिरा येतो

मुक्यांची खाण कथेत लागत नाही.
राजा मेला, पूल बांधून झाला, नावं वर सरकत गेली,
संपलं, असं खेळानेच सांगितलं मला
होळीच्या आदल्या रात्री.
खाण राहिली नकाशाच्या कोपऱ्यात,
सुपारीएवढं काळं दार.
न गेलं तरी चालतं.
माझ्या ओळखीची एवढी एकच जागा आहे
जिथे न गेलं तरी चालतं.

आता मे. आर्णीची शेवटची एसटी केव्हाच गेली,
पत्रा अजून तापलेला.
दिवसभर सातबारे, उत्पन्नाचे दाखले,
आणि मशीनवर न उमटणारे अंगठे,
पऱ्हाट्या उपटून रेघा गेलेले;
पुसा, पुन्हा ठेवा, जरा दाबून.
मग शटर अर्धं ओढते, कूलरमध्ये दोन बादल्या ओतते
आणि चुकलेल्या अर्जाच्या पाठीमागे लिहिते:
विषउतारा नऊ, दहाव्याला जागा नाही.
आगीची अंगठी, कारण पाचव्या मजल्यावर भिंतीच जळतात म्हणे.
आत कुठेही जतन होत नाही.
मेलं की बाहेर, रिकाम्या हाताने.

ढाल घेतली की वजन सत्तरच्या वर जातं
आणि कोलांटी गाभण म्हशीसारखी.
ढाल ठेवली की हलकी. आणि उघडी.
तीन रात्री ह्या एकाच हिशेबात गेल्या.
"ढाल घे ना वं ताई," धम्मदीप म्हणतो,
तो सातवीत आहे, पहिल्याच जिन्यावर अठरा वेळा मेलाय,
पण सल्ला एकदम ठाम.

तिसऱ्या मजल्यावर जो बसलाय
त्याला डोळे नाहीत, घण आहे.
तीन घाव लागोपाठ. चौथा उशिरा.
एकतीस वेळा मी चौथ्याच्या आधी पळाले
आणि पळताना सापडले.
म्हणून हल्ली दुकानात स्टेपलर मारते तशी:
खट खट खट

खट.
डेहनकरबुवा काउंटरवर वाकतात,
"अटकलं काय वं मशीन?"
"नाही बुवा. मोजून रायली."
त्यांना दाखला मिळतो, चार पिना मारलेला.

इंगोले लाइनमनच्या पोरीचा स्कॉलरशिपचा फॉर्म
मी फुकट भरून दिला. तो म्हणाला,
"दोन ते चार शेताले थ्री-फेज राहते,
तवा तुयी लाइन जात नाही.
वारं सुटलं त मंग माह्या हाती नाही बाप्पा."
मग सायकलचं स्टँड पाडता पाडता,
"अन् भेटते काय तिथं खाली?"

कंदील, मी म्हणाले.
त्याने घाव वाढत नाही, जीव वाढत नाही.
उजेड पडतो, आणि आधी येऊन गेलेल्यांनी
भिंतीवर काय खरडलंय ते वाचता येतं.
मला वाटलं हसेल.
पण हा माणूस पावसाळ्यात, दातांत बॅटरी धरून,
खांबावर चढतो.
"कंदील कामाचाच असते," म्हणाला, आणि गेला.

आज दोनला दहा कमी होते तेव्हा
उदबत्तीच्या राखेसारखी हवा होती, हलली तर पडेल अशी.
मग दूर शिवारात एक मोटार लागली, मग दुसरी,
कोणीतरी रोह्यांवर ओरडत धुऱ्याने पळालं.
लाइन होती.
मी झिपरीला, म्हणजे माझ्या बाईला, दारापाशी उभं केलं.
ढाल पेटीत ठेवली.
पेटी पुन्हा उघडून पाहिली. होती.
धम्मदीपला सांगणार नाही.

दार आतल्या बाजूला ढकलावं लागतं,
त्याला दोन्ही हात लागतात,
म्हणजे त्या वेळी तलवारही हातात नसते.
हे यादीत लिहायचं राहिलं.

मागे कूलर कोरडा ओढायला लागलाय.
उठून पाणी घालायला हवं.
खट, खट, खट,